तिकिटाच्या पाठीवरचा तारा: वॉटरमार्क कसे ओळखता?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं तिकिटं गोळा करतोय, पण आतापर्यंत सगळा कारभार पुढून. चित्र, किंमत, शिक्का, झालं. परवा जॉर्ज पंचमच्या वापरलेल्या तिकिटांचं एक जाडजूड पाकीट हाती आलं, गिबन्सचा (स्टॅन्ली गिबन्स या इंग्लिश कंपनीचा) तिकिटांचा कॅटलॉग उघडला, तर एक आण्याच्या चॉकलेटी तिकिटाला दोन वेगळे नंबर. एक जुन्या यादीत, दुसरा १९२६ पासूनच्या यादीत. चित्र तेच, रंग तोच, कडेचे दातेही तेच. फरक एवढाच की पहिल्याच्या कागदात एक तारा, दुसऱ्याच्या कागदात अनेक तारे. हाच तो वॉटरमार्क, कागद बनतानाच त्यात उमटवलेली खूण.

खिडकीशी धरून पाहिलं, टेबललॅम्पसमोर धरून पाहिलं. काहीतरी आहे असं वाटतं, तेवढ्यात राजेसाहेबांची दाढी मध्ये येते.

त्याच पाकिटात १९३१ ची, नवी दिल्लीच्या उद्घाटनाची काही तिकिटं निघाली. त्यांना कॅटलॉगमध्ये 'तारे डावीकडे' आणि 'तारे उजवीकडे' असे प्रकार दिलेत. डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?

जाणकारांनी उजेड पाडावा. शब्दशः पाडलात तरी चालेल.

टपालवाला

उजेड पाडू नका, अंधार करा.

दिव्यासमोर धरलं की पुढची छपाई, शिक्क्याची शाई आणि वॉटरमार्क तिन्ही एकावर एक येतात. त्यापेक्षा तिकीट काळ्या पृष्ठभागावर पालथं ठेवा. त्यासाठी काळे ट्रे मिळतात, नाहीतर काळ्या गुळगुळीत टाइलचा तुकडाही चालतो. वर लायटर फ्लुइडचे दोन-चार थेंब टाका. कागद भिजून पारदर्शक होतो, आणि जिथे तो मुळातच पातळ आहे तिथून खालचा काळा रंग जास्त डोकावतो. तुमच्या चॉकलेटी एक आण्यावर आधी सगळी पाठ करडी होईल, मग पाच टोकांचा तारा गडद होऊन वर येईल. काही क्षण टिकेल. कडांकडून कागद पुन्हा पांढरा व्हायला लागला की तारा पुसट होत जातो आणि तिकीट कोरडं. डिंकाला धक्का लागत नाही, म्हणून मिंट, म्हणजे न वापरलेल्या तिकिटालाही हे चालतं. मिंटला पाणी मात्र कधीच लावू नका. रॉकेल नको, डाग राहतो. नेलपॉलिश काढायचं द्रव तर अजिबात नको. आणि हे प्रकरण पेट्रोलच्या जातीचं आहे. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास निरांजन-उदबत्ती नको.

या द्रवाचा दुसरा फायदा असा की पाठीवरचं हिंज (तिकीट अल्बममध्ये लावायची डिंकाची कागदी पट्टी) ओढून काढताना कागद सोलला गेला असेल, फाटलेली कड चिकटवली असेल किंवा दाते नव्याने लावले असतील, तर तेही लगेच उघडं पडतं. नुसतं त्यासाठी म्हणून मी महाग तिकीट घ्यायच्या आधी भिजवून बघण्याची परवानगी मागतो. जो डीलर नाही म्हणतो त्याच्याकडून घेत नाही.

आता एक तारा की अनेक. एक ताऱ्याच्या कागदात प्रत्येक तिकिटाच्या वाट्याला एकच तारा येईल अशी आखणी असते, त्यामुळे तो साधारण मध्यावर सापडतो. अनेक ताऱ्यांच्या कागदात तारे दाटीने, ओळींनी पसरलेले असतात. कुठलंही तिकीट घ्या, त्यात एखाद-दोन पूर्ण आणि कडेला अर्धेमुर्धे तारे असतातच.

सुलभा_मिरज

टपालवालादादांनी तिकीट भिजवायला सांगितलंय, म्हणून धोक्याची सूचना देऊन ठेवते. फोटोग्रॅव्हर पद्धतीने छापलेल्या काही तिकिटांची शाई बेंझिनसारख्या द्रवात उतरते. १९५२ च्या संत-कवी मालिकेपासून आपल्याकडे फोटोग्रॅव्हर सुरू झालं. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर अशी ती सहा. त्यानंतरचं काहीही भिजवायचं असेल तर आधी त्याच छपाईचं एखादं फाटकं, शाईने बरबटलेलं तिकीट बळी द्या. एडवर्ड आणि जॉर्ज पंचमची काही तिकिटं खडूचा थर दिलेल्या कागदावर आहेत, त्यांनाही जपा. तिथे पृष्ठभाग चोळला गेला तर छपाईच निघून येते.

आता नवी दिल्लीचं. गिबन्समध्ये आडव्या वॉटरमार्कची डावी-उजवी बाजू तिकिटाच्या पाठीकडून बघून सांगितलेली असते. म्हणजे तिकीट पालथं, चित्राचा माथा वर, आणि मग ताऱ्याचं टोक कुठे जातंय ते पाहायचं. पुढून पाहिलंत तर उत्तर नेमकं उलटं येईल. उभ्या वॉटरमार्कला ही भानगड नाही. सरळ तारा पुढून पाहा की मागून, सरळच, आणि उलटा तो उलटाच.

पुराना किला असलेलं पाव आण्याचं तिकीट असेल तर पुढूनही भिंगाखाली घाला. 'पुराना'च्या इंग्रजी स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर 'पी'ऐवजी 'एफ' झालेलं असलं, तर तो कॅटलॉगमध्ये नोंदलेला छपाईदोष आहे.

बोरकूट

वाचतोय. पण एक विचारू? हे म्हणजे तिकिटाचं चित्र सोडून पाठीमागची पोकळी गोळा करणं झालं ना? जो पोस्टमन ते पत्र घेऊन आला त्यालाही माहीत नव्हतं आत तारा आहे की हत्ती. डीलर लोकांनी एकाची दोन तिकिटं करून विकायला काढलेली ही युक्ती वाटते मला.

कृष्णाकाठ

हत्ती?

पेरूआजोबा

हत्ती, शंख, छत्री, सगळं आहे. सावकाश सांगतो.

१८५४ ची आपली पहिली देशभर चाललेली तिकिटं कलकत्त्यात शिळाछापावर छापली. त्या कागदात ईस्ट इंडिया कंपनीचं राजचिन्ह होतं, पण तिकिटागणिक नव्हे, आख्ख्या तावावर पसरलेलं एकच. अर्धा आणा आणि एक आण्याच्या तावात ९६ तिकिटं. म्हणजे सुट्या तिकिटाच्या वाट्याला त्या चिन्हाची एखादी रेघ, वळणाचा तुकडा, किंवा काहीच नाही. तुकडा पाहून 'हे तिकीट तावाच्या अमुक भागातलं' असं ओळखणारे लोक मी पाहिलेत. आपली तेवढी मजल नाही.

पुढच्या वर्षापासून छपाई लंडनला डे ला रू या छापखान्याकडे गेली. सुरुवातीचा कागद बिनवॉटरमार्कचा. १८६५ पासून हत्तीचं मस्तक आलं, आणि १८८२ पासून तारा. यातलं हत्ती-तारा हे कोडं द्रवाशिवाय सुटतं. हत्तीच्या काळातल्या तिकिटांवर 'ईस्ट इंडिया पोस्टेज' लिहिलेलं असतं, ताऱ्याच्या वेळी 'ईस्ट' गळून नुसतं 'इंडिया पोस्टेज' राहिलं. खरी परीक्षा त्याच्या आधीची. अर्ध्या आण्याचं निळं किंवा एक आण्याचं तपकिरी तिकीट १८६५ च्या आधी बिनवॉटरमार्कचं आहे आणि नंतर हत्तीचं. चित्रावरून दोन्ही सारखीच. तिथे हत्ती दिसला नाही म्हणून लगेच जुनं समजून उड्या मारायच्या नाहीत. जाड शिक्क्याखाली, हिंजच्या तुकड्याखाली हत्ती सहज दडतो. दोनदा भिजवा, दिशा फिरवून बघा, मग बोला.

बोरकूट, तुमच्या शंकेवर एवढंच म्हणेन की वॉटरमार्क गोळा करणाऱ्यासाठी घातलेलाच नव्हता. तो नकली तिकीट छापणाऱ्यासाठी होता. चित्र कोरून नक्कल करणारा कारागीर कधी ना कधी सापडतोच, पण कागद गिरणीत बनतानाच त्यात खूण घालायची सोय त्याच्याकडे नसते. ओल्या लगद्याच्या पट्ट्यावरून डँडी रोल नावाचा जाळीचा रूळ फिरतो. त्यावर धातूच्या तारेचे छोटे आकार बसवलेले असतात, ते जिथे टेकतात तिथे लगदा पातळ होतो. ओल्या सिमेंटवरून मांजर चालून गेल्यासारखं, नंतर पुसता येत नाही.

नाशिकरोडकर

आमच्या गावाचा विषय निघालाय तर बोलायलाच पाहिजे. :)

१९२६ हे साल कॅटलॉगमध्ये उगीच नाहीये. १९२५ मध्ये नाशिक रोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि डे ला रूकडचं काम टप्प्याटप्प्याने इकडे आलं. एक तारा म्हणजे लंडनची छपाई, अनेक तारे म्हणजे नाशिकची. कृष्णाकाठ, तुमच्या पाकिटात खरं तर लंडन आणि नाशिक रोड एकत्र कोंबलेत. बोरकूटभाऊंना पोकळी वाटते ती हीच. छापखाना बदलला, खंड बदलला, आणि पुढून कुणाला पत्ता नाही.

उलट्या वॉटरमार्कचंही कारण साधं आहे. कागद आधी बनतो, छपाई नंतर होते. छापताना तावाची दिशा फिरली की चित्र सरळ आणि तारा शीर्षासनात. नवी दिल्लीच्या तिकिटांत डावे-उजवे तारे आलेत तेही त्यामुळेच. तिकिटं आडवी असल्याने तारे आधीच कुशीवर झोपलेले, ताव फिरला की कूस बदलतात. १९२९ च्या विमानाच्या तिकिटांतही हाच प्रकार.

मला त्या ताऱ्याचं सगळ्यात जास्त आवडतं ते त्याचं चिवटपण. १९४७ ची जय हिंद तिकिटं नाशिकलाच छापली. साडेतीन आण्याच्या तिकिटावर तिरंगा, दीड आण्याच्या तिकिटावर अशोकस्तंभाचे सिंह, बारा आण्याच्या तिकिटावर विमान. पालथं घातलंत की आत तोच जॉर्ज पंचमच्या वेळचा ताऱ्यांचा कागद. २६ जानेवारी १९५० ला सिंहशीर्ष राजमुद्रा म्हणून स्वीकारलं गेलं, तरी तिकिटाच्या कागदात ते शिरायला १९५८ उजाडलं. १९४८ ची गांधीजींची चार तिकिटं मात्र या रांगेत शोधू नका. ती स्वित्झर्लंडमध्ये कूर्व्हॉझिए या छापखान्याने छापली, तो कागदच वेगळा, रंगीत धाग्यांचा.

बोरकूट

हे माहीत नव्हतं. तिरंग्यामागे तारा, कमाल आहे. बरं, मग माझ्यासारख्याने फार पैसे न घालवता हे बघायचं असेल तर काय घ्यावं? हत्ती वगैरे परवडणारा नाही.

टपालवाला

नकाशा मालिका घ्या. डोळे झाकून.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि त्याच दिवशी भारताच्या नकाशाची 'नये पैसे' तिकिटं निघाली. पहिल्या फेरीचा कागद अनेक ताऱ्यांचा. १९५८ पासून तीच तिकिटं, त्याच रंगांत, अशोकाच्या सिंहशीर्षाच्या कागदावर यायला लागली. वापरलेली तिकिटं ढिगाने मिळतात, कॅटलॉगमध्ये दोन्ही फेऱ्या वेगवेगळ्या दिलेल्या आहेत, आणि विकणारे बहुतेक लोक एकाच पाकिटात दोन्ही भरतात. शिवाय डोळ्याला सराव होतो. तारे दाट आणि टोकदार दिसतात, सिंहशीर्ष मोठं आणि खाली रुंद, थोडं पुसट. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितलीत की मग घोळ होत नाही.

शिक्क्यावरच्या तारखेची मदत घ्या. शिक्का १९५७ चा असेल तर सिंह असूच शकत नाही. पण १९६० चा शिक्का आहे म्हणून सिंहच असेल असं म्हणता येत नाही, जुना साठा टपाल कार्यालयांत बराच काळ विकला जात होता. तारीख एका बाजूनेच साक्ष देते. हाच नियम जॉर्ज पंचमला. १९२० च्या शिक्क्याखाली अनेक तारे 'दिसले' तर तुमच्या डोळ्यांवर शंका घ्या, कॅटलॉगवर नको.

लेस्टरवासी

इकडे इंग्लंडात या पंथाचे लोक फार. तरुणपणीच्या एलिझाबेथ राणीची, वाइल्डिंग म्हणतात ती तिकिटं तीन वॉटरमार्कांत आहेत: ट्यूडर मुकुट, मग सेंट एडवर्ड मुकुट, मग १९५८ पासून नुसते अनेक मुकुट. त्यात उलटे आणि आडवे वेगळे. उलटे मुख्यतः तिकिटांच्या पुस्तिकांमधले. पुस्तिकेसाठी ताव अशा रचनेत छापायचे की निम्म्या पानांवर वॉटरमार्क सरळ आणि निम्म्यांवर उलटा यायचा. म्हणजे तिथे 'उलटा' ही चूक नाहीच, अर्धा माल तसाच आहे. आडवे, गुंडाळीतून तिकिटं देणाऱ्या यंत्रातले. क्लबात नवा आला की त्याला आधी हे शिकवतात, नाहीतर तो प्रत्येक उलट्या मुकुटाला लॉटरी समजतो.

खरी लॉटरी ब्रिटिश वसाहतींच्या तिकिटांत. १९५० च्या सुमाराला डँडी रोलवरचा एखादा मुकुट गळून पडला, तिथे कुणीतरी चुकून दुसऱ्या जातीचा मुकुट बसवला. त्यातून 'मुकुट गायब' आणि 'भलताच मुकुट' असे दोन दोष तयार झाले, आणि तावात त्या एकाच जागेवर ते येत राहिले. अशांसाठी लोक लिलावात भांडतात.

कृष्णाकाठ

म्हणजे उलटा तारा मिळाला तर खूश व्हायचं की नाही?

सुलभा_मिरज

कुठल्या तिकिटाचा, त्यावर आहे. कॅटलॉगमध्ये त्या तिकिटाखाली उलट्याची वेगळी ओळ आहे का बघा, आणि किंमत सरळपेक्षा किती वर आहे ते बघा. बऱ्याच वेळा फरक चहा-पोह्याइतका असतो. कधी नुसती नोंद असते. काही ठिकाणी मात्र आकडा बघून खुर्चीवर बसावं लागतं. 'उलटा' हा शब्द ऐकून पैसे काढू नका.

आणखी एक. गिबन्स 'उलटा'सारखाच 'आरशातला' हा वेगळा प्रकार देतं, म्हणजे तावाची मागची बाजू पुढे घेऊन छापलेला. अक्षरं असलेल्या वॉटरमार्कात तो लगेच कळतो. पण आपला तारा दोन्ही बाजूंनी सारखाच. आरशात पाहा नाहीतर काही करा, तारा तो ताराच. त्यामुळे ऑनलाइन कुणी 'दुर्मीळ, रिव्हर्स्ड स्टार' म्हणून विकत असेल तर त्याला नमस्कार करून पुढे जा.

मुंगीघाट

ऑनलाइनवरून आठवलं. मध्ये एका विक्रेत्याकडे नवी दिल्लीचं एक रुपयाचं तिकीट पाहिलं, पाठीचा फोटो इतका काळाकुट्ट केलेला की त्यात तारे डावीकडे, उजवीकडे, आकाशात, कुठेही वाचता आले असते. फोटो आरसा फिरवून लावलेला नाही ना, असं विचारलं तर उत्तरच नाही. शिक्क्याचा ठसा मागे उमटलेला असेल तर त्यातली अक्षरं तपासायची, ती पाठीकडून उलटी वाचता यायला हवीत. सुलटी वाचता आली की समजायचं फोटो फिरवलाय.

मी स्वतः द्रव वापरत नाही. घरात लहान मूल आहे, वास नको. पाठ वर करून नाही, पाठ खाली करून स्कॅनरच्या काचेवर ठेवतो, वर काळा जाड कागद, मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन, मग कॉन्ट्रास्ट ताणायचा. नाशिकचे तारे बहुतेक वेळा निघतात. खडूच्या थराच्या कागदावर काही निघत नाही, तिथे दुसऱ्याच्या घरी जाऊन द्रव वापरावं लागतं.

पेरूआजोबा

मुंगीघाट, शिक्क्याची खूण चांगली सांगितलीत, लिहून ठेवतो.

बोरकूट आता जाळ्यात आलेच आहेत तर शंख-छत्रीचं पण सांगून टाकतो. ज्या संस्थानांची स्वतःची तिकिटं होती त्यांत त्रावणकोर आणि कोचीन बघा. त्रावणकोरच्या तिकिटाच्या दर्शनी बाजूला शंख आणि कागदातही शंख. किंमत 'चक्रम' या तिथल्या चलनात. शंखांच्या रांगा, आकार, अंतर वेगवेगळे असल्याने त्यांचे प्रकार पाडलेत, आणि ते ओळखताना माझा चष्मा दर वेळी वर-खाली होतो. कोचीनची छत्री. तिथेही छत्री लहान की मोठी, यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालतात. कमी किमतीची वापरलेली तिकिटं अजूनही रुपयांत मिळतात, हजारांत नाही. केरळातून कुणी येणार असेल तर त्याला सांगून ठेवा.

नाशिकरोडकर

+१. नकाशा मालिका घेताना 'सर्व्हिस' म्हणजे सरकारी टपालाची तिकिटंही विसरू नका. तीही आधी ताऱ्याची, मग सिंहाची. सरकारी पाकिटं रद्दीत खूप जायची, त्यामुळे ती किलोवर मिळतात.

कृष्णाकाठ

काल लायटर फ्लुइड आणलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्याच्या उरलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर बसलो. पहिल्याच तिकिटात तारा असा वर आला की मी मोठ्याने 'अरे!' म्हणालो. चॉकलेटी एक आण्याचे दोन ढीग झाले, नाशिकचा मोठा.

एक मात्र कळत नाही. शिक्का स्पष्ट १९२४ चा, आणि भिजवल्यावर तारे दोन दिसतात. डाव्या कडेला एक, उजव्या कडेला एक. टपालवालादादा म्हणतात डोळ्यांवर शंका घ्या, पण मी तीनदा भिजवलं.

टपालवाला

दोन्ही तारे पूर्ण आहेत की अर्धे? आणि त्यांच्या मधल्या भागात काही आहे का?

कृष्णाकाठ

अर्धेच. डावीकडच्याची उजवी बाजू आणि उजवीकडच्याची डावी बाजू. मध्ये अगदी कोरं.

टपालवाला

मग ताव सरकलाय. एका तिकिटाचा तारा आणि शेजारच्याचा तारा यांच्या बरोबर मध्ये छपाई झाली, म्हणून दोघांचा अर्धा-अर्धा तुमच्या वाट्याला आला. अनेक ताऱ्यांच्या कागदात मधला एवढा भाग कोरा राहणं शक्य नाही, तारे तेवढे लांब नसतात. कधी कधी चारही कोपऱ्यांत एकेक टोक येतं, तेही असंच. हे लंडनचंच, एक ताऱ्याच्या पानावर लावा आणि पेन्सिलीने बाजूला 'सरकलेला' लिहून ठेवा. विकायला गेलात तर जास्त पैसे येणार नाहीत, पण पानावर छान दिसतं.

बोरकूट

नकाशा मालिकेची दोनशे तिकिटं मागवली आहेत. सौ.ना सांगितलेलं नाही. लायटर फ्लुइड कुठे मिळालं तेवढं सांगा, आमच्याकडचा पानवाला गॅसचंच दाखवतोय.

कृष्णाकाठ

गॅसचं नको, द्रव डब्यातलं हवं, झिप्पोसारख्या लायटरचं. मला ऑनलाइनच मागवावं लागलं.